वॉलचे पिक्सेल आधी मोजा, मग प्रोसेसरला हात लावा

आमच्या धंद्यात एलईडी वॉलची ऑर्डर फुटात येते. "सोळा बाय दहा पाहिजे," एवढं पार्टी सांगते, आणि मंडपवाल्याला फ्रेम उभी करायला तेवढं पुरतंही. वॉलवर चित्र पाठवणाऱ्या डब्याला, म्हणजे प्रोसेसरला, मात्र फूट कळत नाहीत, त्याला पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके लागतात. लग्नाच्या लॉनवर नाहीतर सभेत चित्र ताणलेलं, कापलेलं किंवा अडखळत चाललेलं दिसलं की समजायचं, कोणीतरी वॉल न मोजता मेनूत १९२० × १०८० निवडून मोकळा झालाय.

मी सांगली-मिरज भागात वॉल, व्हिडिओ मिक्सर आणि कॅमेरे असा सगळा सेट घेऊन फिरतो. लग्नं, सप्ताह, सभा, गणपतीत मंडळांची कामं. माझी पद्धत उलटीकडून आहे. वॉलपासून सुरुवात करायची आणि मागे मागे येत लॅपटॉपपर्यंत पोचायचं. शेवटच्या टोकाला काय लागतं हे एकदा ठरलं की मधल्या प्रत्येक डब्याला काय सांगायचं ते आपोआप ठरतं. रिझोल्यूशन वाटेत एकदा बदललं तर चालतं. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, मात्र पहिल्या कॅमेऱ्यापासून वॉलपर्यंत एकच ठेवायचा.

कॅबिनेटचा हिशोब

वॉल कॅबिनेट नावाच्या चौकोनी पेट्या जोडून बनते. भाड्याच्या बाजारात बहुतेक कॅबिनेट ५०० × ५०० मिलिमीटरची. पी ३.९ म्हणजे शेजारच्या दोन पिक्सेलमधलं अंतर (पिच) ३.९ मिलिमीटर, आणि अशा एका कॅबिनेटमध्ये १२८ × १२८ पिक्सेल. पी २.९ असेल तर १६८ × १६८, पी २.६ असेल तर १९२ × १९२. उभं ५०० × १००० चं कॅबिनेट असेल तर उंचीचा आकडा दुप्पट करा. मालकाच्या तोंडावर विसंबू नका, मागचं स्टिकर बघा. गोदामात दोन पिचचा माल एकत्र झालेला मी पाहिलाय.

आता आपली सोळा बाय दहा. आडवी १० कॅबिनेट, उभी ६. म्हणजे ५ मीटर बाय ३ मीटर, फुटात १६.४ बाय ९.८. पी ३.९ मध्ये रुंदी १० × १२८ = १२८० आणि उंची ६ × १२८ = ७६८. एकूण ९,८३,०४० पिक्सेल. प्रोसेसरचा एक नेटवर्क पोर्ट ८ बिट आणि ६० हर्ट्झला साधारण साडेसहा लाख पिक्सेल ओढतो, तेव्हा इथे दोन पोर्ट लागणार. वरच्या तीन रांगा एका पोर्टवर, खालच्या तीन दुसऱ्यावर, प्रत्येकी ४,९१,५२०. नोव्हास्टार कंपनीचा जुना प्रोसेसर व्हीएक्स ४ एस चार पोर्टचा आहे आणि २३ लाख पिक्सेलपर्यंत जातो, त्यामुळे या वॉलला तो भरपूर झाला. व्हीएक्स १००० दहा पोर्टचा, ६५ लाखांचा. एवढ्याशा वॉलला त्याचं भाडं कशाला भरायचं?

१२८० × ७६८ हा आकडा प्रोसेसरवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. पुढचं सगळं त्यावरच चालतं.

ताणायचं, बसवायचं की कापायचं

आपली वॉल ५:३ आहे आणि कॅमेरा देतो १६:९. हे दोन आकार एकमेकांत बसत नाहीत, म्हणून तीनपैकी एक मार्ग निवडावाच लागतो. तुम्ही निवडला नाहीत तर प्रोसेसर निवडतो, आणि त्याचा आवडता मार्ग म्हणजे ताणणं.

ताणलं तर जिथे ७२० ओळी हव्या होत्या तिथे ७६८ होतात. चित्र साडेसहा टक्क्यांहून जास्त उंच होतं. लग्नात नवरा-नवरी जरा सडपातळ दिसतात म्हणून खपून जातं. सभेत पक्षाचं चिन्ह अंडाकृती झालं की कार्यकर्ता थेट मिक्सरपाशी येऊन उभा राहतो.

बसवलं तर चित्र १२८० × ७२० राहतं आणि वर-खाली २४-२४ ओळी काळ्या. ऐकायला थोडं वाटतं, पण पी ३.९ ला २४ ओळी म्हणजे वर पावणेचार इंच आणि खाली पावणेचार इंच अंधार. संध्याकाळी, पडदा काळा असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. वॉलला पांढऱ्या फुलांची चौकट केली असेल तर डेकोरेशनवाला भांडायला येतो.

कापलं तर वॉल पूर्ण भरते, चेहरे खरे राहतात, फक्त दोन्ही बाजूंची कड जाते. किती जाते? १०८० उंचीला ५:३ ची रुंदी १८०० होते. म्हणजे १९२० मधले डावीकडचे ६० आणि उजवीकडचे ६० पिक्सेल गेले. कॅमेरावाल्याला काही फरक पडत नाही. नावाच्या पट्टीला पडतो. सप्ताहात कीर्तनकारांच्या नावाची पट्टी डाव्या कडेला चिकटवून बनवलेली असते आणि कापल्यावर नेमकं "ह.भ.प." तेवढं गायब होतं, नुसतं नाव उरतं. गावात याच्यावरून काय होतं ते सांगायला नको. म्हणून पट्ट्या करणाऱ्याला आधीच निरोप द्या: दोन्ही कडांना ६० पिक्सेल मोकळे, आणि सुरक्षित म्हणून मी १०० सांगतो.

माझा नियम असा. लाइव्ह कॅमेरा कापायचा. प्री-वेडिंग, स्लाइड, प्रायोजकांच्या जाहिराती बसवायच्या. ताणायचं कधीच नाही. दोन्हीचे वेगळे प्रीसेट, म्हणजे साठवलेली सेटिंग, करून ठेवले की कार्यक्रमात एका बटणावर काम होतं.

आउटपुट सेट करताना

इथे तुमच्याकडे कोणता डबा आहे त्यावर दोन वाटा फुटतात.

स्केलर (चित्र लहान-मोठं करणारा) आणि सेंडिंग कार्ड (वॉलला पिक्सेल पाठवणारं) एकाच डब्यात असेल तर आउटपुट रिझोल्यूशन म्हणजे तुम्ही जोडलेली वॉलच. नोव्हास्टारच्या नोव्हाएलसीटी सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीन कनेक्शनमध्ये १० रकाने, ६ रांगा आणि प्रत्येक कॅबिनेट १२८ × १२८ भरलं की आउटपुट १२८० × ७६८ झालं. मग लेयरची, म्हणजे वॉलवर मांडलेल्या चित्राची, रुंदी-उंची आणि जागा तेवढी बघायची. कापायचं असेल तर इनपुटच्या क्रॉपमध्ये डावीकडून ६० पासून सुरुवात, रुंदी १८००, उंची १०८०. लेयर १२८० × ७६८, जागा ०, ०.

स्केलर वेगळा आणि सेंडिंग बॉक्स वेगळा असेल तर पुष्कळ जण स्केलरमध्ये कस्टम १२८० × ७६८ आउटपुट बनवायच्या मागे लागतात. बनतं, पण पुढचा बॉक्स ते टायमिंग घेईलच असं नाही. घेतलं तरी मधे स्प्लिटर आला की पुन्हा रामायण. मी सरळ १०८०पी ५०, म्हणजे १९२० × १०८० च्या सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम, हे ठरीव टायमिंग देतो आणि स्केलरची खिडकी १२८० × ७६८ करून डाव्या वरच्या कोपऱ्यात ठेवतो. सेंडिंग कार्ड त्या कोपऱ्यापासूनच पिक्सेल मोजतं, त्यामुळे वॉलवर तेवढाच तुकडा जातो आणि एका पिक्सेलला एक पिक्सेल मिळतो. स्केलरच्या मॉनिटरवर बाकी जागा काळी दिसते. ती बघून घाबरू नका.

एक गोष्ट मात्र काटेकोर पाळा. चित्र एकदाच लहान-मोठं होऊ दे. लॅपटॉप ७२० देतोय, मिक्सर ते १०८० करतोय, प्रोसेसर पुन्हा ७६८ वर आणतोय, असं झालं की कडा विरघळतात. इंग्रजी मोठ्या अक्षरांत ते लपतं. मराठीत नाही लपत. अनुस्वार रेघेत मिसळतो, रफार पुसट होतो, जोडाक्षराचा चिखल होतो. पत्रिकेतला मजकूर वॉलवर वाचता येत नाही अशी तक्रार आली तर फॉन्ट बदलण्याआधी वाटेत किती डबे चित्राला हात लावतायत ते मोजा.

पन्नास की साठ

लॅपटॉप सवयीने ६० हर्ट्झ देतो. आपल्याकडचे कॅमेरे ५० वर: १०८०आय ५०, १०८०पी ५० किंवा २५. दोन्ही एकत्र आले की कोणालातरी मान तुकवावी लागते. ५० चं ६० करताना यंत्र दर सेकंदाला १० फ्रेम पुन्हा दाखवतं. स्थिर चित्रात कळत नाही. कॅमेरा सावकाश पॅन करतो किंवा खाली देणगीदारांची पट्टी सरकत असते, तेव्हा ती अडखळत चालते, हातगाडीचं चाक एका ठिकाणी वाकलेलं असावं तशी.

लाइव्ह कॅमेरा असेल तर मी डोळे झाकून ५० घेतो. कारण फक्त कॅमेरा नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे हॅलोजन आणि साध्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. कॅमेरा ५० वर आणि शटर १/५० किंवा १/१०० वर असला की ते लपकणं चित्रात येत नाही. शिवाय लग्नाचे व्हिडिओ एडिटर बहुतेक २५ वर करतो, ते ५० मध्ये बरोब्बर दुप्पट बसतात. नुसता लॅपटॉप आणि वॉल, कॅमेरा नाहीच, असं कंपनीचं प्रेझेंटेशन असेल तर ६० बरं.

जनरेटरवर काम असेल तर जनरेटरवाल्याला फ्रिक्वेन्सीचं मीटर विचारा. लोड कमी असताना डिझेल सेट ५० च्या वर, ५२ पर्यंतही फिरतो. मग सगळं बरोबर लावूनही कॅमेऱ्यात उजेडाची पट्टी सरकताना दिसते, आणि तुम्ही उगाच प्रोसेसरचे मेनू उलटेपालटे करत बसता.

५९.९४ आणि ६० हे एकच समजू नका. फरक सेकंदाला ०.०६ फ्रेमचा, म्हणजे साधारण दर १७ सेकंदांनी एक फ्रेम उडते किंवा दोनदा दिसते. "मधेच एक झटका येतो, पण कधी ते कळत नाही" अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा.

१०८०आय आणि १०८०पी मध्ये निवड असेल तर पी घ्या. आय मध्ये अर्ध्या-अर्ध्या ओळी येतात, त्या जोडायला यंत्राला वेळ लागतो आणि हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. फक्त १०८०पी ५० ला ३जी एसडीआय (व्हिडिओ केबलचा जलद प्रकार) लागतं, जुनी एचडी एसडीआय वायरिंग आय ५० पर्यंतच. केबल जुनी आणि लांब असेल तर हट्ट करू नका, आय वर चालवा. ओळी जोडण्याचं काम मात्र एकाच डब्याला द्या, शक्यतो मिक्सरला.

सिंक कुणाच्या तालावर

फ्रेम रेट एक असला तरी काम संपत नाही. दोन कॅमेरे दोन्ही ५० वर असले तरी दोघांची फ्रेम एकाच क्षणी सुरू होत नाही. मिक्सर प्रत्येक इनपुटची फ्रेम धरून ठेवतो आणि स्वतःच्या तालावर सोडतो. म्हणून सगळी साखळी मिक्सरच्या तालावर चालवणं सोपं पडतं. प्रोसेसरच्या सिंक मेनूत बहुधा तीन पर्याय असतात: चालू इनपुट, आतलं घड्याळ, बाहेरचा जेनलॉक. वॉल फक्त मिक्सरच्या फीडवर चालणार असेल तर चालू इनपुट निवडा. मिक्सरची फ्रेम आली की वॉलची फ्रेम सुरू, मधे काही उडत नाही.

मात्र त्याच प्रोसेसरला लॅपटॉपही थेट जोडला असेल आणि तो ६० वर असेल, तर मिक्सरवरून लॅपटॉपवर जाताना ताल बदलतो आणि वॉल क्षणभर काळी होते. भाषणाच्या मधे हे होऊ देऊ नका. लॅपटॉपही मिक्सरमधूनच आणा. ते जमत नसेल तर सिंक आतल्या घड्याळावर ५० ठेवा. कधीतरी एखादी फ्रेम जाईल, पण वॉल मिटणार नाही.

जेनलॉक म्हणजे एका सिंक जनरेटरचा ब्लॅक बर्स्ट किंवा ट्राय-लेव्हल सिग्नल सगळ्यांना बीएनसी केबलने देणं. वॉलसमोर उभं राहून टीव्हीचं शूटिंग असेल तेव्हा त्याची खरी गरज. वायर एका डब्यातून दुसऱ्यात नेत शेवटच्याला ७५ ओमचं टर्मिनेशन लावायला विसरू नका. आमच्या लग्नाच्या कामांत तो निघतच नाही, म्हणून पुढे जातो.

मुख्य वॉलच्या दोन्ही बाजूंना छोट्या वॉल असतील तर तिन्हींना एकाच आउटपुटचा फीड द्या, एक सिग्नल अनेक ठिकाणी वाटणाऱ्या वितरण अँप्लिफायरमधून. मुख्य वॉल थेट आणि बाजूच्या वॉल आणखी एका स्केलरमधून, असं केलं की बाजूच्या वॉलवरचा वक्ता एक-दोन फ्रेम मागे राहतो. तपासायला महाग यंत्र नको. लॅपटॉपवर सेकंदाचे शंभरावे भाग दाखवणारं स्टॉपवॉच पूर्ण स्क्रीनवर लावा, तिन्ही वॉलवर सोडा, लांब जाऊन मोबाइलने तिन्ही एका फोटोत घ्या. आकडे सारखे तर सिंक ठीक. ०.०२ चा फरक म्हणजे ५० हर्ट्झला एक फ्रेम. शटर जलद ठेवा, नाहीतर आकडे एकमेकांवर चढतात.

हीच युक्ती उशीर मोजायलाही चालते. कॅमेरा स्टॉपवॉचवर रोखा आणि लॅपटॉप व वॉल दोन्ही एका फोटोत घ्या. कॅमेरा, मिक्सर, स्केलर, वॉल मिळून चार-पाच फ्रेम जातात, म्हणजे ८० ते १०० मिलिसेकंद. साउंडवाला लगेच म्हणतो, आवाज मागे घेऊ का? घेऊ देऊ नका. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्टेजपासून ३४ मीटरवर बसलेल्याला आवाजही १०० मिलिसेकंद उशिराच पोचतो, त्याच्यासाठी ओठ आणि शब्द जुळलेलेच आहेत. पुढच्या रांगेला खरा माणूस दिसतोय, तो वॉल कशाला बघेल? रेकॉर्डिंगच्या आवाजाला मात्र कॅमेरा आणि मिक्सरपुरता उशीर द्या.

लॅपटॉपची समजूत काढणं

लॅपटॉप काय पाठवायचं ते समोरच्या यंत्राच्या ईडीआयडीवरून, म्हणजे त्या यंत्राने स्वतःबद्दल दिलेल्या माहितीवरून ठरवतो. मधे स्वस्तातला स्प्लिटर असेल आणि त्याच्या पहिल्या पोर्टला ७२० चा जुना टीव्ही लावला असेल, तर बऱ्याचदा लॅपटॉपला जगात फक्त ७२० आहे असं वाटतं. प्रोसेसरच्या किंवा मिक्सरच्या इनपुटवर ईडीआयडी १९२० × १०८०, ५० हर्ट्झ असा हाताने भरा, आणि मग केबल काढून पुन्हा लावा. लॅपटॉप हे केबल लागतानाच वाचतो, नुसतं सेव्ह करून चालत नाही.

विंडोजमध्ये डुप्लिकेट नको, एक्सटेंड करा. डुप्लिकेटमध्ये दोन्ही पडद्यांना चालेल असं काहीतरी मधलं रिझोल्यूशन येतं. मग ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन दोन ओळी वाचा: डेस्कटॉपचं रिझोल्यूशन आणि ॲक्टिव्ह सिग्नलचं रिझोल्यूशन. केबलमधून खरं काय जातंय ते दुसरी ओळ सांगते. दोन्ही वेगळ्या असतील तर लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्डच चुपचाप स्केलिंग करतंय. रिफ्रेश रेटही तिथेच, यादीतून ५० निवडा. १२५ किंवा १५० टक्क्यांचं स्केल अक्षरांच्या आकारासाठी आहे, त्याचा आउटपुटशी संबंध नाही.

टेस्ट कार्ड

हे करायला दहा मिनिटं लागतात, आणि पाहुणे यायच्या आधीच करायचं. पेंटमध्ये १२८० × ७६८ चं चित्र करा. बाहेरच्या कडेला एक पिक्सेलची लाल चौकट. दर १२८ पिक्सेलला एक पिक्सेलची पांढरी रेघ, आडवी आणि उभी. मधे एक मोठं वर्तुळ. कोपऱ्यात एक पिक्सेल काळा, एक पांढरा अशी बारीक जाळी. एखादी ओळ मराठीत, अनुस्वार आणि रफार भरपूर असलेली. हे चित्र लॅपटॉपवरून प्रोसेसरला थेट १२८० × ७६८ देता आलं तर उत्तम, नाहीतर १९२० × १०८० च्या काळ्या पानावर डाव्या वरच्या कोपऱ्यात ठेवून, इनपुट तेवढंच क्रॉप करून सोडा.

आता वॉलजवळ जा, अगदी हातभर अंतरावर. लाल चौकट चारही बाजूंना दिसली पाहिजे. एक बाजू गेली तर जागेचा आकडा चुकलाय. पांढऱ्या रेघा प्रत्येक कॅबिनेटच्या जोडावर पडल्या पाहिजेत. रेघ कॅबिनेटच्या मधोमध निघाली तर मांडणीत कॅबिनेटच्या पिक्सेलचा आकडा चुकलाय किंवा चित्र कुठेतरी स्केल होतंय. कोणतं ते जाळी सांगते: एकेक दिवा चालू, एकेक बंद असा स्वच्छ दिसला तर स्केल नाही, करडे ठिपके आणि लाटा दिसल्या तर आहे. वर्तुळ लांबून बघा. या टप्प्यावर सगळं जुळलं की मगच कॅमेऱ्याचा फीड सोडा आणि क्रॉपचे आकडे घाला.

काळा रंग करडा दिसत असेल तर रिझोल्यूशनशी झगडू नका. लॅपटॉप ० ते २५५ देतोय की १६ ते २३५, आणि प्रोसेसर काय समजतोय, ते जुळवा.

सगळं झालं की प्रीसेट सेव्ह करा, प्रोसेसर बंद करून पुन्हा चालू करा आणि प्रीसेट तसाच उठतो का बघा. कॅबिनेटमधल्या रिसीव्हिंग कार्डात सेव्ह केलं नसेल तर जनरेटर एकदा बंद पडल्यावर वॉल कोऱ्या चेहऱ्याने उठते. पुढची बटणं लॉक करा, कारण स्टेजमागे लहान मुलं असतात. शेवटचं सेटिंग सिग्नल गेल्यावर काय दाखवायचं त्याचं: काळं, शेवटची फ्रेम किंवा ठेवलेलं चित्र. कंपनीच्या कामाला मी त्यांचा लोगो ठेवतो. सभेला काळं. शेवटची फ्रेम ठेवली आणि केबल निघाली, तर साहेब सोळा बाय दहावर तोंड उघडं ठेवून, डोळे अर्धे मिटून थांबतात, आणि समोर बसलेला प्रत्येक जण मोबाइल काढतो.